डोंगरातले साचे

गुहेत शिरण्याआधी मी माणसांना ओरडायला लावते. तोंडाशी उभं राहायचं आणि एकेकाने आपलं नाव मोठ्याने, अगदी पोटातून घ्यायचं. लोकांना हा बावळटपणा वाटतो. बाकीचे नियम ते निमूट ऐकतात: प्रत्येकाजवळ दोन दिवे, काडेपेटी डब्यात, एक माणूस बाहेर, भरती-ओहोटीची किंवा पावसाची चौकशी आधीच केलेली. नाव घ्यायची वेळ आली की मात्र हसू लागतात. एकदा एक बँकेतले साहेब म्हणाले, "बाई, मी काय लहान मुलगा आहे का?" मी म्हटलं, "मग बाहेर बसा आणि सगळ्यांचे डबे सांभाळा." बसले बिचारे. मला चिडायला फार लागत नाही आणि म्हातारपणी तर तेवढंही लागत नाही.

हा नियम कुठून आला ते मी कुणाला सांगत बसत नाही. सांगायचं तर लालबागच्या चाळीपासून सुरुवात करावी लागते, आणि ते ऐकायला गुहेच्या तोंडाशी कुणाला वेळ असतो?

माझे बाबा गिरणीत साळखात्यात होते, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात. मागाला तिथे सगळे साचा म्हणत. एका छपराखाली एवढे साचे एकदम चालायचे की बाबांचा डबा घेऊन मी गिरणीच्या मागच्या भिंतीशी उभी राहिले आणि भिंतीला हात टेकवला, तर हाताला मुंग्या यायच्या. आत काय होत असेल ते यावरून समजा. तिथे ओरडून काही उपयोग नसायचा, म्हणून साळखात्यातली माणसं ओरडतच नसत. ओठ रुंद, नीट हलवायचे, आवाज काढायचा नाही. समोरच्याने ओठ वाचायचे. उरलेलं हातांनी. दोन्ही तळवे एकमेकांवर झाडले की पाळी सुटली, आता साचा तू सांभाळ.

वर्षानुवर्षं असं केल्यावर ते अंगात मुरतं. घरात शांत असेल तेव्हा बाबा बोलायचे, हळू, खालच्या पट्टीत, आम्हाला कान देऊन ऐकावं लागे. पण आजूबाजूला गोंगाट सुरू झाला की त्यांचा आवाज आपोआप बंद व्हायचा आणि ओठ तेवढे हलत राहायचे. त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसे. ऐकूही कमीच यायचं, त्यामुळे आपला आवाज निघतोय की नाही हे कळायला दुसरा मार्गही नव्हता.

आईने याच्याशी केव्हाच जुळवून घेतलं होतं. चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरण होती, ती दिवसभर धडधडायची. बाबा खाली चौकात कुणाशी तरी हातवारे करत उभे असले की आई वर गॅलरीच्या कठड्याशी यायची, हाक वगैरे काही नाही, नुसती उभी राहायची. बाबांची नजर वर गेली की ओठांनी म्हणायची, "जेवूक येवा." बाबा जिना चढू लागायचे. शेजारणी म्हणत, तुमचं बरं आहे, भांडलात तरी चाळीला कळत नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज मोर्चा, उद्या सभा, परवा बंद. कामगार मैदानावरून परतताना चाळीतल्या यच्चयावत पुरुषांचे घसे बसलेले असत. नळावर सगळे घोगऱ्या आवाजात बोलायचे, घरोघरी हळद-मिठाचं पाणी उकळायचं. आमच्या घरात मात्र कधी नाही. बाबा एकही मोर्चा चुकवत नसत, चांगले पुढच्या रांगेत असत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज होता तसा. चाळीत याचं फार कौतुक होतं. आई हसून म्हणायची, "आमच्या ह्येंचो घसो लोखंडाचो आसा." मला बाबांचा अभिमान वाटायचा.

आता डोंगराचं. शिवडीच्या खाडीच्या अंगाला तेव्हा एक खडकाळ टेकाड होतं. कधीकाळी तिथे दगडाची खाण चालत असे आणि खाणवाल्यांना खोदता खोदता आत एक पोकळी लागली होती. पुढे खाण बंद पडली. आज ते टेकाडही नाही, त्याच्यावरच्या इमारतींतल्या लोकांना आपल्या पायाखाली काय होतं ते ठाऊक नसणार. आम्ही त्याला साच्यांचा डोंगर म्हणायचो. कारण कान लावला की त्या खडकातून धडधड ऐकू यायची. नेहमी नाही. कधी कधी. चाळीतल्या म्हाताऱ्या सांगत की गिरणीत जे मेले, पट्ट्यात सापडून, छातीत कापूस साठून, त्यांची पाळी तिथे चालते. आपल्या पाळ्या संपल्या की त्यांची सुरू होते. म्हाताऱ्या हे भांडी घासता घासता, भाजीचा भाव सांगावा तशा सांगायच्या, त्यामुळे जास्तच भीती वाटायची.

माझा मामा शिवडीला गोदीच्या गुदामात होता. लग्न केलेलं नव्हतं, विड्या ओढत नव्हता, त्याला एकच व्यसन, टेकाडातलं ते भुयार. सुट्टी मिळाली की दोरी, कंदील घेऊन आत. तो मेलेल्यांच्या पाळीची गोष्ट हसण्यावारी न्यायचा नाही. म्हणायचा, आवाज आहे, तो कशाचा ते आपण बघू. आणि त्याने बघितलं होतं. पोकळीच्या तळाशी खडकाला भेगा होत्या आणि त्या खाडीपर्यंत जात होत्या. भरतीचं पाणी भेगांत शिरलं की कोंडलेली हवा खडकावर आपटायची, तीच धडधड. भरतीला भुयार तोंडातून हवा बाहेर टाकायचं, ओहोटीला आत ओढायचं. तोंडाशी गवताची काडी धरून मामाने मला ते दाखवलं होतं. काडी आधी आमच्याकडे वाकली, मग बराच वेळ ताठ राहिली, मग हळूच आतल्या बाजूला वळली. कारण समजल्यावर भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही, उलट ते भुयार आता मला आणखी जिवंत वाटू लागलं.

मामाचं म्हणणं, गुहेला घाबरायचं असतं, पण कशाला ते नेमकं माहीत हवं. अंधाराला नाही, पाण्याला. भुताला नाही, कोंदट हवेला. म्हणून तो मेणबत्ती खाली गुडघ्याशी धरून चालायचा, ज्योत मंद झाली की मागे फिरायचं. वटवाघळं टांगलेली असतील तिथे बोलायचं नाही. दोर तोंडाशी खडकाला बांधायचा आणि हातातून सोडायचा नाही. तोंडाशी एक कंदील जळत ठेवायचा. आणि चुकलंच कुणी, तर हलायचं नाही, जागेवर उभं राहून हाकेला ओ द्यायची. तो म्हणायचा, "आपलो आवाज म्हणजे दुसरो कंदील."

एका बंदच्या दिवशी बाबांनी मामाला विचारलं, मला न्याल का? आम्ही सगळे बघतच राहिलो. बाबा कधी काही मागत नसत. पण गिरण्या बंद असल्या की त्यांची अवस्था विचित्र व्हायची. भोंगा नाही, साचा नाही, दिवसभर नुसती शांतता आणि त्या शांततेत त्यांच्या कानात आपला आपण आवाज चालायचा. ते घरात फेऱ्या मारत. मामाने डोंगराच्या धडधडीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे लकाकले होते.

आई म्हणाली, मीही येते. भुयार बघायला नव्हे, बाहेर बसायला, कारण बाहेर माणूस हवा असतो आणि तुम्हा दोघांपेक्षा माझं डोकं ठिकाणावर आहे. मी तर जाणारच होते. आम्ही डबा बांधून निघालो. मामाने ओहोटीचा हिशेब धरून वेळ ठरवली होती, पण लालबागपासून शिवडीपर्यंत ठिकठिकाणी पोलीस उभे. एका नाक्यावर अडवलं, दुसऱ्या गल्लीतून जावं लागलं, तिथेही अडवलं. दुकानांच्या फळ्या बंद, रस्त्यावर फुटलेल्या काचा, कुठे तरी दूर घोषणा चाललेल्या. टेकाडाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि भरतीच्या पाण्याने खाडीतला चिखल झाकायला सुरुवात केली होती.

मामाने पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, आज नको. बाबांनी खडकावर तळहात टेकवला, मी गिरणीच्या भिंतीवर टेकवायचे तसाच, आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून लहान मुलासारखे हसले. "चालू आसा," म्हणाले.

त्या हसण्याला मामाही बधला. म्हणाला, ठीक आहे, दिवाणखान्यापर्यंत जाऊ आणि लगेच परत फिरू. दिवाणखाना म्हणजे आतली मोठी पोकळी, हे त्याचंच नाव. आई तोंडाशी कंदील ठेवून, पाय पसरून बसली. आम्ही तिघं दोर धरून वाकून आत शिरलो. मामा पुढे, मी मध्ये, शेवटी बाबा त्यांचा कंदील घेऊन.

भुयार तेव्हा श्वास बाहेर टाकत होतं. थंड, ओलसर, खाडीच्या वासाची हवा सारखी तोंडावर येत होती, आणि कुणी तरी समोर बसून आपल्यावर श्वास सोडतंय असं वाटून मी सारखी मान फिरवत होते. दगड आधी कोरडा होता, मग घामेजला. वरून एके ठिकाणी झाडाची मुळं आत उतरली होती, मातीशिवाय, पांढरीफटक, म्हाताऱ्या बाईच्या केसांसारखी. मामाने मेणबत्ती त्यांच्यापासून जपून नेली. एवढ्याशा उजेडात त्या मुळांवर एक फिकट कोळी चालत होता, त्याला डोळेच नसावेत, कारण उजेडाचं त्याला काहीच पडलेलं नव्हतं. भीती वाटत होती आणि तरी तिथून नजर हलत नव्हती. मी आजवर ज्या ज्या गुहेत गेले तिथे असंच झालं, पाय मागे ओढतात आणि मान पुढे जाते.

पाच-पन्नास पावलांवर दिवाणखाना उघडला आणि धडधड अंगावर आली. बाहेरून ती कानाला ऐकू यायची, इथे ती पायांतून वर चढत होती. एकदा, मग पुन्हा, मग सलग. मामा माझ्याकडे वळून काही तरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. त्याने समोर बोट दाखवलं. दिवाणखान्याच्या उताराला काळं पाणी चकाकत होतं, आणि ते जिथे असायला हवं होतं त्याच्या बरंच अलीकडे होतं. परत फिरा, अशी त्याने खूण केली. मी मागे वळले. माझ्यामागे दोर मोकळा लोंबत होता.

बाबा नव्हते. त्यांचा कंदीलही नव्हता.

काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. बाबांनी एका हातात कंदील धरला होता आणि दुसऱ्या हाताने दोर. पण त्यांना खडकावर तळहात ठेवायचा होता. साचा कसा चालतोय हे हाताने बघायची साळखात्यातल्या माणसाला सवयच असते, कुठला धागा तुटतोय, कुठे ठोका चुकतोय ते त्याच्या तळव्याला आधी कळतं. त्यांनी दोर सोडला आणि धडधड जिकडे जास्त लागत होती तिकडे, भिंतीला हात लावून, एका उभ्या कातळाच्या मागे वळले. तिथे भेगेतून आलेल्या हवेच्या झोताने त्यांचा कंदील विझला. काडेपेटी मामाच्या डब्यात होती. मग त्यांनी मामाचा नियम पाळला. जागेवर उभे राहिले.

मामाने हाक मारली. त्याचा आवाज गोदीतला, या बोटीवरून त्या बोटीवर जाणारा. मीही ओरडले. आम्ही थांबलो आणि ऐकलं. नुसती धडधड. पुन्हा हाक, पुन्हा धडधड. मामा कंदील उंच धरून पाण्याच्या कडेने गेला, परत आला. मी त्याचा सदरा धरून मागे मागे. कातळांच्या सावल्या पुढे सरकायच्या, मागे सरकायच्या, प्रत्येक वेळी वाटायचं की कुणी तरी हललं. ओ कुठूनच येत नव्हती. माणूस शुद्धीवर असता तर ओ दिली असती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, आणि मामाने कंदील पाण्यावर धरला तेव्हा तो काय शोधतोय तेही मला कळलं. बाबा बुडाले, असं मी मोठ्याने म्हणाले. मामाला ऐकू गेलं नाही ते बरं झालं.

त्याने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, दोर धरून बाहेर जा, आईला सांग. हासुद्धा नियमच होता. मी गेले. अंधारात हातातला दोर सोडून काहीही नव्हतं आणि पाठीवर सारखा तो श्वास.

आईने माझं तोंड बघितलं आणि उठून उभी राहिली. मी रडत सगळं सांगितलं. तिने छाती पिटली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. तिने एकच विचारलं.

"आत आवाज कसलो आसा?"

"साच्यांसारखो," मी म्हटलं.

"खूप?"

"खूप. आमी एवढ्या हाका मारल्या..."

"हाका कित्याक मारतास? साच्यावर तेंका कोण हाक मारता?"

आणि तिने तोंडाशी जळत ठेवलेला कंदील उचलला. म्हणाली, "तू हय रव." मी तिथे राहिले नाही, हे सांगायला नको. अंतर ठेवून तिच्यामागे गेले.

मामाने तिला बघितलं आणि त्याचा पारा चढला. बाहेर एक माणूस हवा, तोंडाशी दिवा हवा, दोन्ही नियम एकदम मोडलेले. तो हातवारे करून तिला परत जायला सांगू लागला. आईने त्याच्या हातातल्या कंदिलाकडे बोट दाखवलं आणि वात खाली कर, अशी खूण केली. त्याने मान हलवली, नाही. पाणी चढतंय, माणूस सापडत नाही, आणि ही बाई दिवा घालवायला सांगते. आई नुसती त्याच्याकडे बघत राहिली. ती त्याची थोरली बहीण होती. त्याने वात उतरवली आणि मेणबत्तीही फुंकली.

मग आईने आपला कंदील उचलला आणि स्वतःच्या तोंडाशी धरला.

मी ते दृश्य आयुष्यात विसरलेले नाही. चहूकडे अंधार, त्या अंधाराची धडधड, आणि मधोमध माझ्या आईचं तोंड, कुंकवासकट, दुसरं काही नाही. धड नाही, हात नाहीत. ते तोंड उजवीकडे वळलं आणि त्याचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. अंधारात कुणी तरी उभं आहे आणि ती त्याच्याशी बोलतेय, असं ते होतं. मग ते डावीकडे वळलं, पुन्हा ओठ हलले. मग पाण्याच्या दिशेने. मला तिची भीती वाटली. माझी स्वतःची आई, आणि तिच्याजवळ जायला माझे पाय उचलेनात. म्हाताऱ्यांनी सांगितलेली ती पाळी खरंच आजूबाजूला उभी आहे आणि सगळे तिचे ओठ वाचताहेत, असं वाटलं.

मग माझ्या लक्षात आलं की मलाही ते वाचता येतात. ती म्हणत होती, जेवूक येवा. तेवढंच, पुन्हा पुन्हा, रुंद आणि नीट, घाई न करता, गॅलरीतून म्हणायची तसं. जेवूक येवा. जेवूक येवा.

पाण्यापलीकडच्या कातळामागून बाबा आले. कंबरेएवढ्या पाण्यातून, विझलेला कंदील डोक्याच्या वर धरून, पाळी सुटून घरी येत असल्यासारखे शांत. उजेडात आले तेव्हा दिसलं, त्यांचे ओठ हलत होते. केव्हापासून हलत होते कोण जाणे. आईने त्यांचा दंड पकडला. मामाने काडी ओढली. आणि निघायच्या आधी बाबांनी कंदील काखेत धरला, मागे वळले आणि त्या अंधाराकडे बघून दोन्ही तळवे एकमेकांवर झाडले.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. खाडीवर पक्षी चरत होते. इतका वेळ ते ऊन तिथे होतंच याचा मला राग आला. मामा गवतावर आडवा पडला. बाबा धोतर पिळत होते. जरा वेळाने त्यांच्या त्या खालच्या पट्टीत, थोडं रुसून म्हणाले, "कधीपासना हाका मारतंय मी. तुमी समोरसून गेलास, परत इलास. कोणी बघूकव नाय."

मामा ताडकन उठून बसला. "भावोजी, तुमी हाक..."

आईने त्याच्याकडे बघितलं. तो डबा सोडू लागला.

मला मात्र राहवेना. मी विचारलं, "बाबा, आत तुमी कोणाक हात केलात?"

"पुढच्या पाळीवाल्याक," बाबा म्हणाले. "साचो तसोच टाकून येवचो नसता."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच उमगलं असावं, कारण धोतर पिळायचे ते एकदम थांबले आणि टेकाडाकडे वळून बघू लागले. आम्ही त्या दिवसानंतर त्या पाळीवाल्याचा विषय काढला नाही. मामा पुन्हा भुयारात जायला लागला, पण आत जाण्याआधी तोंडाशी उभा राहून आपलंच नाव घेऊन एकदा ओरडायचा. एकटा असला तरी.

त्यानंतर काही दिवसांनी मोठा मोर्चा होता, लालबागहून निघून परळवरून दादरला जाणारा. आई आणि मी बायकांच्या रांगेत होतो. परळच्या नाक्यावर गर्दीची रेटारेटी झाली, रांगा मोडल्या आणि मी पुरुषांच्यात ढकलले गेले. बघते तर शेजारी बाबा. एवढे मोर्चे झाले, पण मी त्यांच्या शेजारून कधी चालले नव्हते. त्यांनी मूठ वर उगारली होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र, असं पुढून कुणी म्हटलं की हजारो गळ्यांतून झालाच पाहिजे उठायचं आणि गिरण्यांच्या भिंतींवर आपटून परत यायचं. बाबांचं तोंड पूर्ण उघडलेलं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. मी त्यांना इतकं पेटलेलं कधी बघितलं नव्हतं.

माझ्या मनात एक शंका आली. मी त्यांचा दंड धरून चवड्यांवर उंच झाले आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. पुढून घोषणा आली. बाबांनी जीव तोडून उत्तर दिलं. माझ्या कानावर नुसती ऊन हवा आली.

त्या क्षणी मला रडू आलं आणि संतापही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. सगळे मोर्चे, सगळ्या सभा, पुढच्या रांगा. ते ओरडत होते आणि त्यांच्या लेखी सगळी मुंबई ते ऐकत होती. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि पुढची घोषणा आली तेव्हा ओरडले. त्याच्या पुढचीला आणखी मोठ्याने. एकीच्या गळ्यात दोघांचा आवाज कसा मावणार, पण मी बसवत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. खूश झाले. मग जरा वाकून, रुंद, नीट ओठांनी मला म्हणाले, "मोठ्यान ओरड गो. ऐकूक येणा नाय."

दादरपर्यंत मी ओरडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडातून शब्द फुटेना. आईने न विचारता हळद-मिठाचं पाणी उकळून माझ्यापुढे ठेवलं. खाली पिठाची गिरण सुरू झाली होती, बाबा चौकात उभे होते. आई कठड्याशी जाता जाता थांबली, माझ्या गळ्याला हाताची पाठ लावून बघितली आणि म्हणाली, "दोघांचो घसो एकटीचोच बसलो मगे."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी पाणी प्यायले, आणि ती बाबांना जेवायला बोलवायला गॅलरीत गेली.